लेदर जॅकेटवरचा पांढरा थर पुसला तरी परत का येतो?

जॅकेट कपाटातून काढलं की कॉलरच्या आत, काखेत आणि खिशाच्या झाकणाखाली पांढरट थर. ओल्या फडक्याने पुसला की जातो, काळं चामडं पुन्हा चमकायला लागतं, वरून क्रीमचा एक हात मारून आपण ते परत टांगतो. दोन-तीन आठवड्यांनी कपाट उघडावं, तर ये रे माझ्या मागल्या.

मोटरसायकलवर घालायच्या माझ्या जॅकेटचं हे दोन वर्षं चाललं होतं. दर वेळी पुसायचो आणि क्रीम लावायचो, तेही आधीपेक्षा थोडं जास्त, कारण चामडं कोरडं पडलंय म्हणून असं होतंय अशी माझी समजूत होती. शेवटी एकदा जॅकेट उलटं करून अस्तर हाताने चाचपलं. खांद्याच्या पॅडमागचं कापड गार आणि किंचित ओलसर लागलं. जॅकेट शेवटचं घातल्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा दोन वर्षांचा उद्योग होता. थर वर दिसत होता म्हणून मी वरच घासत राहिलो. ओल आत होती.

आधी ओळख पटवा

लेदरवर पांढरं दिसणाऱ्या चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: बुरशी, चामड्यातूनच वर आलेली चरबी, घामाचं मीठ, आणि वरच्या रंगाच्या थराची झीज. चारही लांबून सारख्याच दिसतात आणि चारही ओल्या फडक्याने तात्पुरत्या नाहीशा होतात. घोळ होतो तो इथेच. उपाय मात्र चौघांचे वेगळे आहेत. म्हणून पुढच्या वेळी थर दिसला की लगेच पुसू नका, पाच मिनिटं तो तसाच राहू द्या.

पहिली परीक्षा नाकाची. बंद खोलीसारखा कुबट वास आला तर बुरशीचा संशय धरा. मग टॉर्च समोरून न धरता चामड्याला जवळजवळ टेकवून बाजूने धरा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. बुरशी कापसासारखी तंतुमय दिसते, गोल गोल ठिपक्यांनी पसरते, आणि शिवणीच्या खाचेत किंवा घडीत दाट असते. चरबीचा थर गुळगुळीत असतो. द्राक्षावर पांढुरकी झाक असते तसा तो दिसतो आणि बोट फिरवलं की मेणासारखा ओढला जातो. मीठ खरखरीत लागतं आणि सहसा त्याची वळणदार कड उमटलेली असते, घाम वाळल्यावर शर्टावर दिसते तशी.

तरीही खात्री होत नसेल तर हेअर ड्रायर घ्या. कमी गरमवर, वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट हवा सोडा. हात मध्ये धरला तर चटका बसता कामा नये, इतपतच ऊब. चरबी असेल तर डोळ्यांदेखत वितळून चामड्यात जिरते आणि ती जागा काळी होते. बुरशी आणि मीठ उबेने हलत नाहीत. त्या दोघांत फरक करायचा तर ओल्या कापसाचा बोळा दाबून धरा: मीठ विरघळून जातं, पण वाळल्यावर त्याच डागाच्या कडेला परत उमटतं.

ड्रायरची ही परीक्षा मला फार आधी कळायला हवी होती. माझ्या जॅकेटच्या पाठीवर चरबी होती आणि काखेत बुरशी. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बुरशी असेल तर

काम घराबाहेर, किमान गॅलरीत करा. तोंडाला एन-९५ मास्क आणि हातात रबरी हातमोजे हवेत. दम्याचा त्रास असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याला सांगावं. कोरड्या बुरशीवर ब्रश फिरवला की बीजाणूंचा ढग उडतो आणि तो श्वासात जाता कामा नये.

खिसे रिकामे करा. खांदा, कोपर आणि पाठीचे पॅड काढा. आतलं थर्मल अस्तर सुटं होत असेल तर तेही काढा. सगळ्या चेन उघड्या ठेवा. मग मऊ ब्रशने कोरडी बुरशी झाडा, शिवणी आणि कॉलरची घडी टूथब्रशने. ब्रशचं तोंड लावलेला व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, पण त्याची पिशवी लगेच बाहेर टाका.

पुसायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, तेवढ्याच पाण्यात मिसळून. आधी कमरेच्या पट्टीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दहा मिनिटं थांबा आणि पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. रंग फडक्यावर उतरला तर अल्कोहोल तुमच्या जॅकेटसाठी नाही. मग पाण्यात सौम्य, आम्लाकडे झुकणारा लेदर क्लीनर घालून त्यावर भागवा. रंग टिकला तर फडकं मिश्रणात भिजवून घट्ट पिळा आणि एका वेळी तळहाताएवढा भाग पुसा. दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या, नाहीतर बीजाणू एकीकडून उचलून दुसरीकडे पेरले जातात. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे आसपास ज्योत किंवा सिगरेट नको.

ब्लीचचं नाव काढू नका. त्याने बुरशी जाते, पण चामड्याचे तंतू ज्या कोलॅजेनचे बनलेत तेही खाल्लं जातं. खाण्याचा सोडा आणि कपड्यांचा साबणही नको. तयार चामड्याचा सामू (पीएच) ३.५ ते ५ च्या आसपास, म्हणजे आम्ल असतो. कपड्यांचे साबण अल्कली असतात, बहुतेक ९ च्या वरचे. वारंवार साबण लागला की चामड्यातलं तेल आणि कमावणीचे, म्हणजे कच्च्या कातड्याचं टिकाऊ चामडं करताना घातलेले, घटक सैल होतात, आणि चामडं आधी फिकट, मग ताठ होतं. बरेच जण व्हिनेगर सुचवतात. मी ते वापरत नाही. अल्कोहोल उडून जातं, मागे काही राहत नाही. व्हिनेगरचा वास अस्तरात मुरून बसतो आणि मग कुबट वास गेला की झाकला गेला हेच कळत नाही.

परत येण्याची खरी जागा

इथवरचं काम बहुतेक जण नीट करतात. तरीही बुरशी परत येते, कारण तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते समूळ संपवणं कोणालाच शक्य नाही. ते चामड्यावर बसतीलच, पण रुजायला त्यांना ओल लागते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर सलग काही दिवस राहिली की बुरशी जोर धरते, त्याखाली ती मान वर काढत नाही. म्हणून औषध बदलत बसण्यापेक्षा ओल कुठून मिळतेय ते शोधा. जॅकेटच्या बाबतीत तशा चार जागा असतात.

सगळ्यात मोठी जागा अस्तर. घाम अस्तरात जातो, चामड्यात नंतर. घामासोबत त्वचेचं तेल आणि मेलेल्या पेशी जातात, आणि बुरशीला याहून चांगलं खाद्य नाही. वरून चामडं कितीही लख्ख केलं तरी आतून रोज तिची पंगत मांडलेली असते. मला वाटतं, या समस्येतली निम्म्याहून अधिक जॅकेटं फक्त अस्तर धुतल्याने सुटतील. त्यासाठी जॅकेट उलटं करा आणि सौम्य शाम्पूचे थोडे थेंब कोमट पाण्यात घालून नुसत्या फेसाने स्पंजने अस्तर पुसा. पाणी चामड्यापर्यंत झिरपू देऊ नका. साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या स्पंजने फेस दोनदा काढा, मग कोरडा टॉवेल दाबून पाणी ओढून घ्या. काख, मान आणि मनगटाच्या पट्ट्या यांना दुप्पट वेळ द्या. शेवटी वरचंच अल्कोहोलचं मिश्रण अस्तरावर हलकं फवारा.

दुसरी जागा पॅड आणि त्यांचे खिसे. खांदा-कोपरांचे पॅड, ज्यांवर ईएन १६२१-१ असा युरोपीय सुरक्षा मानकाचा क्रमांक छापलेला असतो, फोमचे असतात. काहींचा फोम पाणी पितो आणि दिवसेंदिवस सोडत नाही. ते पॅड चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये बसलेले, तिथे वारा पोचणार कुठून? माझ्या जॅकेटची ओल तिथेच होती. पॅड कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, सपाट ठेवून सावलीत दोन दिवस वाळवा. पिळू नका, वाकवून टांगू नका. तोवर पॅडच्या खिशांची तोंडं उघडी ठेवून हँगरवरच्या जॅकेटमध्ये टेबल फॅनची हवा सोडा. परत घालताना डावा-उजवा आणि वरची बाजू तपासा. उलटा बसलेला पॅड पडताना कोपरावरून सरकतो.

तिसरी जागा कपाट, त्याकडे शेवटी येतो. चौथी जागा म्हणजे आपण स्वतः लावलेलं तेल आणि क्रीम. प्राणिज तेलं, उदाहरणार्थ मिंक ऑइल किंवा गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट ऑइल, बुरशीला खाद्य म्हणून चालतात. ओलसर चामड्यावर ती चोळली की आतली ओलही कोंडली जाते. मी दोन वर्षं नेमकं हेच करत होतो. थर परत येतोय म्हणून जास्त क्रीम, आणि जास्त क्रीममुळे थर.

चरबी असेल तर

ड्रायरच्या उबेने जो थर जिरला तो बुरशी नाही. त्याने आरोग्याला धोका नाही आणि चामडंही कुजत नाही. कमावणीनंतर चामड्याला तेल पाजलेलं असतं, त्याशिवाय ते पुठ्ठ्यासारखं होईल. या तेलात स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांसारखे घटक असतात, जे साध्या तापमानाला घट्टच असतात. पामिटिक ६३ अंश सेल्सिअसला वितळतं, स्टिअरिक ६९ ला. मिश्रणात ते याहून आधीच मऊ पडतात आणि हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात. गारठा पडला की वर येऊन गोठतात, आणि जॅकेट पांढुरकं दिसायला लागतं.

उपाय सोपा आहे. तो भाग ड्रायरने कोमट करा आणि चरबी चामड्यात परत जिरू न देता लगेच कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्या. चार-पाच वेळा गरम करा, टिपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. महिनाभरात थर परत आला तर तीच पाळी पुन्हा, आणि वर्षभर त्या जॅकेटला तेलाचं बोट लावू नका. पाणी मारून उपयोग नाही, चरबी पाण्यात विरघळत नाही. जुन्या थराला पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण आधी तीच रंगाची परीक्षा.

मीठ आणि सोलपटं

मिठाचा डाग एकाच जागी घासला की त्याची कड फक्त पुढे सरकते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेलं फडकं एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सबंध तुकड्यावर समान फिरवा, कोरड्या फडक्याने लगेच टिपा, असं तीनदा करा. अस्तर धुतलेलं नसेल तर पहिल्या घामाला डाग परत येईल.

चौथा प्रकार मात्र पुसून जाणारा नाही. पांढऱ्या रेघा कोपराच्या आणि काखेच्या वळणावरच असतील, नखाला पापुद्रा लागत असेल आणि खाली तंतू दिसत असतील, तर वरचा रंगाचा थर झिजलाय. खाली चामड्याच्या तंतूंऐवजी विणलेलं कापड दिसलं तर ते चामडं नाही, पॉलीयुरेथेनचा थर दिलेलं कापड आहे. हवेतल्या ओलाव्यानेच त्या थराचं विघटन होतं आणि त्याला कोणतंही क्रीम थोपवत नाही. अशा जॅकेटवर कष्ट आणि पैसे घालू नका. अंगावर घालून गाडीवर बसण्याआधी शिवणींची ताकद मात्र जरूर बघा.

वाळवणं

भिजलेलं जॅकेट हीटरसमोर, कडक उन्हात किंवा इंजिनच्या गरम हवेत वाळवलं की ते आखडतं. ओल्या कोलॅजेनला उष्णता सोसत नाही. क्रोम कमावणीचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, चामडं उकळत्या पाण्याच्या आसपासचं तापमान सोसतं, पण वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं त्याच्या बरंच आधी आकसतं. आकसणं टळलं तरी झपाट्याने वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात, म्हणून जॅकेट ताठ होतं. खोलीच्या तापमानाला, रुंद खांद्याच्या हँगरवर, चेन उघडी, खिसे बाहेर काढलेले आणि पंख्याची हवा आतून जाईल असं टांगा. चिंब भिजलं असेल तर दोन दिवस धरून चाला. बाह्यांमध्ये कोरडे टॉवेल कोंबा आणि दर काही तासांनी बदला. वर्तमानपत्र कोंबायचा सल्ला मिळतो, पण फिकट अस्तराला त्याची शाई लागते.

वाळलं की नाही हे वरून हात लावून कळत नाही. पॅडच्या खिशात हात घाला. तिथे गार लागलं तर अजून ओल आहे.

वॉशिंग मशीनबद्दल कायम विचारलं जातं. माझं मत ठाम आहे, मशीनमध्ये टाकू नका. पिळताना चामड्याला पडलेली घडी कायम राहते. जाड, रंगाचा थर दिलेलं, क्रोम कमावणीचं जॅकेट टबात गार पाण्याने धुतलेलं निभावून नेतं, पण तो शेवटचा मार्ग आहे. स्वेड (मखमलीसारखी लव असलेलं चामडं) किंवा वर थर न देता नुसता रंग पाजलेलं लेदर असेल तर तोही नाही.

क्रीम किती आणि केव्हा

जॅकेट पूर्ण वाळल्यानंतर आणखी दोन दिवसांनी. वाटाण्याएवढं क्रीम फडक्यावर घ्या, चामड्यावर थेट नको, आणि तेवढ्यात एक बाही झाली पाहिजे. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने जादाचं काढून टाका. छिद्रं पाडलेल्या भागावर लावू नका, छिद्रं बुजतात आणि घाम आत राहतो. नियमित वापरातल्या जॅकेटला वर्षातून दोनदा पुरतं. स्वयंपाकाचं तेल किंवा डोक्याला लावायचं तेल कधीच नको, ते खवट होतं आणि दोरा चिकट करतं.

क्रीम इतकं मोजून लावायचं कारण दिसण्यापलीकडचं आहे. गाडीवर घालायच्या जॅकेटचं चामडं साधारण १.१ ते १.४ मिलीमीटर जाड ठेवतात, कारण रस्त्यावर घसरताना त्याने टिकायचं असतं. तेल पिऊन लुळं पडलेलं चामडं ताणलं जातं आणि शिवणीच्या भोकांपाशी आधी फाटतं. म्हणून दर साफसफाईला खांद्याची आणि कोपराची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. भोकं लांबट झाली असतील किंवा दोरा तुटला असेल तर क्रीम बाजूला ठेवा आणि आधी जॅकेट शिवून घ्या.

चेनच्या किंवा बटणांच्या कडेला हिरवा मेणचट थर दिसला तर ती बुरशी नाही. पितळेतलं तांबं चामड्यातल्या चरबीशी संयोग पावून तो तयार होतो. लाकडी काडीने खरवडा, फडक्याने पुसा, चेनवर साधी मेणबत्ती फिरवा.

ठेवायची जागा

कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवा. या सगळ्या प्रकरणात मी घेतलेली सर्वात उपयोगी वस्तू हीच. माझ्या खोलीत ५८ टक्के असताना कपाटाच्या आत ७४ होते, कारण कपाटाची पाठ गार भिंतीला चिकटलेली होती. चार बोटं पुढे ओढल्यावर आठवड्यात आकडा ६३ वर आला. ४५ ते ५५ मिळालं तर उत्तम, ६५ च्या खाली राहिलं तरी चालेल.

बुटांच्या खोक्यात येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांनी काही होत नाही. घालायचंच तर अर्धा किलो घाला. रंग बदलणारं असेल आणि रंग पालटला तर ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरा. प्लास्टिकचं आवरण काढून टाका, सुती चादर पुरेशी आहे. शेजारच्या कपड्यांपासून वीतभर मोकळी जागा सोडा. आणि गाडीवरून उतरल्यावर जॅकेट थेट कपाटात नको: एक रात्र बाहेर, चेन उघडी.

हे सगळं झाल्यावर पहिले सहा आठवडे दर आठ दिवसांनी टॉर्च घेऊन चार जागा बघा: कॉलरच्या आत, दोन्ही काखा, आतला खिसा, पाठीच्या पॅडचा खिसा. मला तिसऱ्या आठवड्यात उजव्या काखेत नखाएवढा ठिपका सापडला. तेवढाच पुसला, त्या बाजूचं अस्तर पुन्हा धुतलं, पॅड आणखी एक दिवस बाहेर ठेवला. त्यानंतर चौदा महिने झाले, जॅकेट काळंच आहे.